जुन्या मोटारीचे मोल

मजूर संघटनेच्या कार्यकर्त्याला व्याख्यानमालेत बोलाविले म्हणजे तो संप, पगारवाढ आणि बोनस यांपलीकडे काय बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती अगदीच चुकीची असते असेही नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि ग्रंथालयाच्या बाकावर. म्हणून यंदा आम्ही जुन्या मोटारींच्या किमती हा विषय सुचविला, तेव्हा चालकांपैकी एका स्नेह्यांनी हसून विचारले, "तुमच्याजवळ मोटार तरी आहे काय?" नाही, आमच्याजवळ मोटार नाही, आणि कधी नव्हती. परंतु किंमत कशी ठरते, ती कोण ठरवितो, आणि ठरविताना काय मोजतो व काय मोजावयाचे सोडून देतो, हे पाहण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत. हा व्यवहार जुन्या मोटारीइतका उघडा करून दाखविणारी दुसरी वस्तू आम्हांला आढळलेली नाही.

मालवणच्या किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव आपण सर्वांनी पाहिला आहे. होडी लागते, पाटीतली सुरमई वाळूवर येते, भोवती कोंडाळे जमते, आणि पाहता पाहता आकडा ठरतो. तीच सुरमई दुपारपर्यंत पडून राहिली तर सकाळचा आकडा कोणी उच्चारणार नाही. नवी मोटारही अशीच आहे. दुकानाच्या दारातून ती रस्त्यावर आली की तिची किंमत उतरू लागते. विमा कंपन्यांनी तर या उतरणीचे कोष्टकच करून ठेविले आहे. पहिल्या सहा महिन्यांत शेकडा ५, वर्ष भरेपर्यंत १५, दुसरे वर्ष सरेपर्यंत २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५०. पाच वर्षांनंतर मात्र कोष्टक हात टेकते. तेथून पुढे, गाडीचे मोल विमा उतरविणारा आणि उतरवून घेणारा यांनी आपसांत ठरवावे, एवढेच ते सांगते. आमचा आजचा विषय या वाक्यापासून सुरू होतो. मासळी शिळी झाली की ती पुन्हा ताजी होत नाही. परंतु काही मोटारी भंगाराच्या भावापर्यंत उतरतात आणि तेथून पुन्हा चढू लागतात, कधी कधी नव्या असतानाच्या किमतीच्याही वर जातात. असे का व्हावे?

याचे उत्तर परदेशात शोधण्याचे कारण नाही. ज्या गाडीत बसून आपल्याकडचा चाकरमानी बोरीबंदरावरून ट्रंकेसह चाळीत गेला, त्या फियाटचीच कथा पाहू.

सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि प्रथम अमेरिकन बनावटीच्या डॉज व प्लिमथ गाड्यांची जुळणी तेथे होऊ लागली. देशात अमेरिकन कंपन्यांचे जुळणीचे कारखाने होतेच. परंतु १९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरविले की, जो कारखाना भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम हाती घेईल त्यालाच येथे राहता येईल. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. त्याच सुमारास कुर्ल्याहून इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी बाहेर पडू लागली. पुढे कित्येक वर्षे हिंदुस्थानात खाजगी मोटार म्हणजे तीनच नावे होती: कलकत्त्याकडची अॅम्बॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची फियाट.

मागणी पुष्कळ आणि गाड्या थोड्या, असे झाले म्हणजे काय होते हे रेशनच्या दुकानात उभे राहिलेल्यास सांगावयास नको. मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर १९५९ साली सरकारी हुकूम आला. पैसे भरून नाव नोंदवावयाचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, असा प्रकार सुरू झाला. ज्याला गाडी मिळाली त्याच्या हाती गाडीबरोबर आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे दुसऱ्याच्या प्रतीक्षेची किंमत. त्यामुळे एरवी अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडू नये असा चमत्कार घडला. वापरलेली फियाट नव्या फियाटच्या छापील किमतीहून महाग विकली जाऊ लागली. चाके झिजली, रंग उडाला, तरी मोल वाढले. हे मोल पत्र्याचे किंवा इंजिनाचे नव्हते. रांगेत पुढे असण्याचे ते मोल होते.

सप्टेंबर १९६९ मध्ये सरकारने तिन्ही गाड्यांच्या किमती बांधून दिल्या. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने किमतींच्या चौकशीसाठी आयोग नेमविला आणि १९७१ च्या नोव्हेंबरात निकाल दिला. गुंतविलेल्या भांडवलावर कारखानदाराला शेकडा १६ इतका परतावा मिळावा, असे त्यात धरले गेले. हा निकाल आम्ही तरुणपणी एका वकील मित्राकडून समजावून घेतला, तेव्हा आमचे डोळे उघडले. लोखंड किती, मजुरी किती, घसारा किती, व्याज किती, असे एकेक पान उलटून एका मोटारीची किंमत देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे मांडली गेली होती. आणि एवढे सर्व होऊनही बाजारात त्याच गाडीला वरचे पैसे मोजावे लागत होते! एकाच दिवशी एकाच गाडीच्या दोन किमती होत्या. एक खर्चावरून काढलेली, दुसरी गरजेवरून. दोन्हींना आपापला आधार होता. खर्चावरून काढलेली किंमत गाडी बनविणाऱ्यास काय लागले ते सांगते, आणि बाजारची किंमत ती घेणाऱ्यास किती निकड आहे ते सांगते. जुन्या गाडीच्या बाबतीत पहिली किंमत विसरली जाते व दुसरीच तेवढी उरते. हे सूत्र ध्यानात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडेल.

कुर्ल्याच्या त्या कारखान्यात कोकणातले कितीतरी हात होते. तेथील कामगारांच्या लढ्यांशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते डॉ. दत्ता सामंत हे याच आपल्या मालवण तालुक्यातील देवबागचे. जन्म १९३२ चा. गिरण्यांच्या १९८२ च्या संपामुळे ते घरोघर माहीत झाले, पण त्यापूर्वीच अभियांत्रिकी कारखान्यांतील वेतनाच्या लढ्यांनी त्यांना पुढे आणिले होते. १६ जानेवारी १९९७ रोजी त्यांचा खून झाला. त्यांच्या मार्गाबद्दल मतभेद आहेत, आमचेही काही आहेत. परंतु गाडीच्या किमतीत आपला घाम किती पैशांचा धरला आहे हे विचारावयास त्यांनी कामगाराला शिकविले, हे नाकारता येणार नाही.

आता उतरणीचा काळ. १९७४ साली या गाडीला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. नाव नवे, गाडी बहुतेक तीच. १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालगतची गिअरची काठी, पुढे बाकासारखे अखंड आसन. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिची किंमत सुमारे ४७,५०० रुपये होती. ती हलकी होती, कमी पेट्रोल खाई, आणि मुख्य म्हणजे पुढे ती भराभर मिळू लागली. रांग मोडली आणि रांगेचे मोल गेले. खाजगी मालकांनी पद्मिनीकडे पाठ फिरविली; ती टॅक्सीवाल्याच्या आश्रयाला उरली. २००० च्या सुमारास कुर्ल्याहून पद्मिनी निघणे बंद झाले. एके काळी सहा सहा वर्षे जिची वाट पाहिली, ती गाडी वजनावर विकली जाऊ लागली. सुमारे नऊशे किलो लोखंड, एवढीच तिची ओळख राहिली.

पुढे कायद्याने तिचे वय मोजले. मुंबईतील टॅक्सीचे आयुष्य पूर्वी पंचवीस वर्षांचे धरीत, ते २०१३ साली वीसवर आले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. तेव्हा २०२३ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली. टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारला विनंती केली होती की, निदान एक गाडी तरी जतन करावी. ती विनंती फळास आली नाही. पण त्या आठवड्यात वृत्तपत्रांतून जे हळहळीचे लेख आले, त्यांवरून जाणत्यांनी ओळखले की आता चढणीचा काळ सुरू होणार.

ही चढण कशामुळे येते? प्रथम दुर्मीळपणा. परंतु तेवढा पुरत नाही. जगात अशी पुष्कळ मॉडेले आहेत की ज्यांच्या चारदोनच गाड्या उरल्या आहेत आणि त्यांना कोणी विचारीत नाही. दुर्मीळपणाबरोबर ओढ लागते, आणि ओढ ही बहुधा बालपणाची असते. ज्या गाडीच्या मागच्या काचेतून मूल जग पाहते, ती गाडी ते मूल पन्नाशीला आले आणि गाठीला पैसा जमला की पुन्हा हवीशी वाटते. म्हणून गाडीची किंमत ती बंद पडल्यावर वीसतीस वर्षांनी चढू लागते, आणि तिच्यात बसलेली पिढी सरली की पुन्हा मंदावते. अमेरिकेतील फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटी निघाली. इतिहासात तिच्याएवढी मोठी गाडी नसेल. पण उरलेल्या गाड्या पुष्कळ आणि तिच्यातून शाळेला गेलेले आता कोणी नाही, त्यामुळे तिच्या किमती फारशा हलत नाहीत.

दुसरे कारण सट्टा. इटलीच्या फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात '२५० जीटीओ' नावाच्या अवघ्या ३६ गाड्या केल्या. १९८८ साली एन्झो फेरारी वारले आणि किमतींनी उसळी घेतली. १९८९ च्या सुमारास अशा एका गाडीला एक कोटीहून अधिक डॉलर मिळाले. मग फुगा फुटला आणि १९९४ साली तीच जातीची गाडी तीस लाखांच्या आत विकली गेली. २०१८ साली कॅलिफोर्नियातील लिलावात पुन्हा ४ कोटी ८४ लाख डॉलर! गाडी तीच, पत्रा तोच. बदलली ती घेणाऱ्यांची संख्या, त्यांच्या हातातील पैसा, आणि उद्या आणखी कोणी जास्त देईल हा विश्वास. आपल्याकडेही जो जुनी गाडी केवळ गुंतवणूक म्हणून घेऊ पाहतो, त्याने १९९४ हे साल कागदावर लिहून खिशात ठेवावे.

आता अंदाज कसा बांधतात ते सांगतो. जाणता मिस्त्री प्रथम पत्रा पाहतो. आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा मोटारीची वैरीण आहे; दाराच्या तळाशी, मडगार्डच्या आत आणि पायाखालच्या पत्र्यात गंज आधी धरतो. वरून रंग चकचकीत असला तर मिस्त्री खिशातून लोहचुंबक काढतो. जेथे चुंबक चिकटत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे हे त्याला कळते. मग कागद. आर. सी. बुकातील इंजिनाचा व चासिसचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. इंजिन दुसऱ्या गाडीचे निघाले तर गाडी चालते, पण मोल पडते. तिसरे, मूळपणा: मूळचा दिवा, मूळची जाळी, मूळचा मीटर. परदेशात गाडीच्या स्थितीच्या चार पायऱ्या करतात. पहिली प्रदर्शनात मिरवावी अशी, चौथी कशीबशी चालणारी. आणि अलीकडे तशाच किती गाड्या किती रुपयांना गेल्या, हे पडताळून मधला आकडा काढतात. येथे एक गोष्ट नवख्यांनी समजून घ्यावी. गाडी दुरुस्त करण्यास लागलेला खर्च हा गाडीच्या किमतीचा पुरावा होत नाही. एक लाख खर्चून पन्नास हजारांची गाडी तयार केल्याची उदाहरणे गॅरेजोगॅरेजी आहेत.

चौथी गोष्ट म्हणजे मालकाचे नाव. लालबहादुर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी १९६४ च्या बनावटीची फियाट घेतली. किंमत १२,००० रुपये. जवळ ७,००० होते, म्हणून ५,००० रुपयांचे कर्ज बँकेकडून काढले. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला त्यांचा अंत झाला, आणि ते कर्ज ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात उभी आहे. तिचे मोल कोणत्या कोष्टकात बसवावयाचे? कुर्ल्याहून त्या वर्षी निघालेल्या इतर फियाटींत आणि तिच्यात लोखंडाचा काही फरक नाही. फरक आहे तो तिच्यामागच्या आयुष्याचा. म्हणजे गाडीमागचे आयुष्य मोजता येते, बाजाराला ते मान्य आहे. प्रश्न एवढाच उरतो की कोणाचे आयुष्य मोजावयाचे.

या ठिकाणी आमची एक चूक सांगितली पाहिजे. मालवणजवळच्या एका गावचे गृहस्थ मुंबईत टॅक्सी चालवीत. गाडी त्यांची स्वतःची, १९९६ ची पद्मिनी. २०१६ साली तिची वीस वर्षे भरली. भंगारवाल्याशी बोलावयास त्यांनी आम्हांला नेले. कारण घासाघीस हा आमचा धंदा, अशी त्यांची श्रद्धा. आम्हीही कंबर कसून बसलो. तासभर वाद घातला आणि किलोमागे दोन रुपये वाढवून घेतले. नऊशे किलोंवर अठराशे रुपये जास्त! परत येताना आम्हांला संप जिंकल्यासारखे वाटत होते. काही महिन्यांनी कळले की, गाडीची चारही दारे, पुढची जाळी, बंपर, दिव्यांच्या कड्या आणि स्टिअरिंग हे सर्व सुटे करून, जुन्या पद्मिन्या सजविणाऱ्या शौकिनांना विकले गेले, आणि त्या सुट्या भागांचेच पैसे आमच्या सबंध सौद्याहून अधिक झाले. त्या गृहस्थांना हे सांगावयास गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "भाऊ, तुमी वजनाचो भाव बरो केलास, पण वस्तू काय ती बघूक इसारलास."

हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. भंगारवाल्याने आम्हांस फसविले असे आम्ही म्हणत नाही. त्याने तराजू पुढे ठेविला आणि आम्ही तो मान्य केला. आयुष्यभर कामगारांना आम्ही सांगत आलो की, दराचे भांडण करण्यापूर्वी काय मोजले जात आहे ते विचारा. आणि आमच्यावर वेळ आली तेव्हा आम्हीच दरावर भांडत बसलो.

जुन्या गाडीच्या मोजणीत आणखी एक गोम आहे. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज मोटारींचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, खाजगी वापराची गाडी असली तर तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. नवी नोंदणी २०,००० रुपये, पुढची ५,०००. अशी गाडी प्रदर्शनाला, जुन्या मोटारींच्या रॅलीला, इंधन भरावयास किंवा दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला वा धंद्याला नाही. नियम वाईट आहे असे नाही. जुन्या वस्तू जपल्या जाव्यात हे आम्हांलाही हवे आहे. १९७४ च्या पहिल्या पद्मिन्या २०२४ साली पन्नाशीला आल्या, त्यांतील खाजगी गाड्यांना हा मान खुशाल मिळो. पण हिशेब मांडून पाहा. टॅक्सीला कायद्याने आयुष्य वीस वर्षांचे, आणि मान मिळण्याची अट पन्नास वर्षांची. जी गाडी गॅरेजात आच्छादनाखाली झोपली तिला मान. जिने रात्री-अपरात्री बाळंतिणीला इस्पितळात पोचविले, पावसात दादरच्या पुलाखाली गुडघाभर पाणी कापले, तिच्या नशिबी तराजू. बाजाराचाही न्याय हाच. कमी चाललेली गाडी महाग, जास्त चाललेली स्वस्त. केलेले काम हे मोलात भर न होता वजाबाकी होते.

मोटारीपुरते हे एक वेळ चालेल; लोखंडाला दुःख नाही. आम्हांला भय वाटते ते या हिशेबाची सवय जडण्याचे. कारखाना बंद पडतो तेव्हा वीस वर्षे यंत्रावर राबलेल्या माणसाला, तुझे वय झाले, हात मंदावले, असे सांगून त्याचा आकडा उतरविला जातो. तेथेही केलेले काम वजाबाकीत धरलेले असते. त्याच कारखान्याच्या आवारातले जुने यंत्र मात्र कोणीतरी रंग देऊन दाराशी शोभेला मांडतो.

आपल्याकडे रापणीची रीत आहे. जाळे लावले जाते, दोन्ही बाजूंनी दोर ओढले जातात, आणि मासळी वाळूवर आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. त्यात भांडणे होत नाहीत असे नाही. पण हात मोजले जातात. कुर्ल्याला पत्रा ठोकणारा, तीस वर्षे ती गाडी चालविणारा, आणि सुटा भाग मिळेना तेव्हा लेथवर घडवून तिला चालती ठेविणारा मिस्त्री, यांच्या हातांमुळेच आज शौकिनाला घ्यावयास एखादी पद्मिनी उरली आहे. तिच्या आजच्या किमतीत त्यांचा वाटा नाही, आणि तो कायद्याने पडेल अशी आशा आम्ही दाखविणार नाही.

जे करता येते तेवढे मात्र आम्ही करू लागलो आहो. आता आमच्या ओळखीतल्या कोणाची जुनी गाडी निघावयाची असली म्हणजे आम्ही आधी तिच्या भागांची यादी करतो, नंबर जुळतात का पाहतो, कागद एकत्र लावतो, दोनतीन गिऱ्हाइकांना विचारतो, आणि गाडी कोणी, किती वर्षे, कोठे चालविली हे एका कागदावर लिहून मालकाची सही घेतो. त्या शेवटच्या कागदाचे पैसे अद्याप कोणी दिलेले नाहीत. तरीही तो आम्ही गाडीबरोबर देतो. मग तराजू येतो. तराजू आणणाऱ्याशी आमचे वैर नाही. फक्त वजन करण्याआधी, वस्तू काय ती बघू, एवढे त्यास सांगावयास आम्ही शिकलो आहो.